बिनवासाची पावडर

माझ्या नवऱ्याला हे ठाऊक नाही. बहिणीला नाही—आणि तिला तर माझ्या दाढदुखीपासून सगळं ठाऊक असतं. ज्या दोघा साहेबांना अर्धं ठाऊक होतं ते बदली होऊन गेले, आणि ते अर्धंही त्यांनी एव्हाना विसरून टाकलं असणार. पूर्ण फक्त मला ठाऊक आहे. तुम्हाला आज सांगतेय. आजच का? तेही सांगेन, पण शेवटी. आधी सांगितलं तर पुढचं बोलताच यायचं नाही.

मी लोणावळ्यात एका मोठ्या हॉटेलात हाउसकीपिंग बघते. हॉटेलचं नाव घेत नाही. हाउसकीपिंग म्हणजे खोल्या, चादरी, टॉवेल, पडदे, बाथरूम आणि ते सगळं करणारी माणसं. बावीस वर्षं झाली. घर तळेगावात, रोजचं जाणं-येणं. स्वभाव म्हणाल तर खडूस. पोरी माझ्या पाठीमागं मला सुरकुती मॅडम म्हणतात. चादरीवर एक सुरकुती दिसली तरी मी अख्खा बेड पुन्हा करायला लावते म्हणून. मला ते नाव आवडतं. खोटं कशाला बोलू—म्हणजे, इथं तरी कशाला बोलू.

तर. करोनाची पहिली लाट ओसरली होती. दुसरी यायची होती, पण ती येणार आहे हे कुणाच्या ध्यानीमनी होतं? थंडी सरत आली होती. लस डॉक्टर-नर्सना सुरू झालेली, आमचा नंबर लांब. अशात आमच्या हॉटेलात आंतरराष्ट्रीय परिषद ठरली. नद्यांच्या पाण्यावर, आठ दिवसांची, नऊ-दहा देशांची. त्यातल्या दोन देशांचं सीमेवर रोज काहीतरी चाललेलं, आणि त्यांची माणसं कितीतरी वर्षांनी एका टेबलावर बसणार होती. त्यांचे मजले वेगळे, लिफ्ट वेगळ्या, जेवणाच्या वेळा वेगळ्या. उशासुद्धा दोघांना सारख्याच द्यायच्या, असा मला लेखी हुकूम होता. एकाच्या खोलीत चार उशा आणि दुसऱ्याच्या खोलीत तीन निघाल्या तर म्हणे अपमान होतो. मला तेव्हा हसू आलं होतं.

गेटवर वेगळाच तमाशा. विरोधी पक्षाची माणसं काळे झेंडे घेऊन रोज हजर, समोर कॅमेरेवाले. तसं त्यांचंही काय चुकत होतं? गावात लग्नाला पन्नास माणसं, मयताला वीस, एकवीरेची यात्रा नाही—आणि इथं परदेशी पाहुण्यांच्या पंगती. सरकारची इभ्रत पणाला लागलेली. एकही पाहुणा पॉझिटिव्ह निघाला तर परिषद गुंडाळायची, असं आधीच ठरलेलं. आणि ते दोन देश तर उठून जायला निमित्तच शोधत होते.

आम्ही साठ-सत्तर कर्मचारी आत कोंडलेले. आत येताना नाकात काडी, बाहेर पडताना नाकात काडी. मधे घरी जायचं नाही, बाहेरच्या कुणाला भेटायचं नाही. पाहुण्यांची तपासणी रोज सकाळी, आमची दोनदाच. तेव्हा हे कुणाला खटकलं नाही. मलाही नाही.

आता अनसामावशी.

मावशी आमच्या लाँड्रीत होती. कार्ल्याच्या अलीकडं, डोंगराखाली तिचं गाव. नवरा किसनभाऊ, भाताची दोन खाचरं, दोन म्हशी, डेअरीला दूध. मावशी शाळेत गेलेली नाही; मशीनची बटणं रंगावरून ओळखते. पण तिचं नाक! वरच्या मजल्यांवरून मळक्या कपड्यांची पोती खाली आली की मावशी पोत्यातून एकेक चादर काढायची, नाकाशी न्यायची आणि पुकारायची—तेल. अत्तर. दारू. बाळ. त्याप्रमाणं ढीग लागायचे. मालिशच्या तेलाची एक चादर साध्या धुण्यात गेली तर सगळ्या चादरींना वास लागतो, मग ते परत धुवा. मशीनला ते कळत नाही, मावशीला कळायचं. नवीन पोरींना मी मुद्दाम खाली नेऊन दाखवायचे. म्हणायचे, मशीन परदेशी आहे गं, पण नाक कार्ल्याचं आहे.

करोनात मास्क आले. मावशी मास्क हनुवटीवर ओढायची, वास घ्यायची, मास्क पुन्हा वर. मी एकदा ओरडले, दोनदा ओरडले. मग तिनं मास्क लावून काम केलं आणि धुणं बिघडलं. त्यानंतर मी ओरडले नाही. म्हणजे मला ठाऊक होतं. एवढं लक्षात ठेवा—मावशी मास्क खाली घेते, हे मला ठाऊक होतं.

परिषदेच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी एक पाहुणे पॉझिटिव्ह निघाले. त्या दोन देशांपैकीच एकाचे. वयस्कर, सज्जन गृहस्थ, वापरलेला टॉवेल घडी करून ठेवणारे. जीएमच्या केबिनमध्ये आम्ही तिघंच—आमचे जीएम म्हणजे जनरल मॅनेजर, सरकारकडून आलेले एक साहेब आणि मी. दहा मिनिटांत ठरलं. पाहुण्यांचं पोट बिघडलंय, ते खोलीतच राहतील. डॉक्टर मागच्या जिन्यानं येतील. आणि खोलीत फक्त मी जाईन.

अशा खोलीतल्या चादरींचा नियम साधा आहे. पिवळ्या पिशवीत भरायच्या, तोंड बांधायचं, तीन दिवस कुलपात ठेवायच्या, मग धुवायच्या. पिवळी पिशवी दिसली की लाँड्रीत कुणी हात लावत नाही. मावशीलाही ते पाठ होतं. पण पिवळी पिशवी कॉरिडॉरमधून न्यायची म्हणजे कुणीतरी बघणार. दुसऱ्या देशाचे लोक तर आमच्या कचऱ्यावरसुद्धा नजर ठेवून होते. जीएम मला दारापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "पिवळं काही दिसता कामा नये हं." बस्, एवढंच. काय करा, ते नाही सांगितलं. ते मी ठरवलं.

मी किट घातला. दोन मास्क, चष्मा, हातमोजे, डोक्यापासून पायापर्यंत पांढरी. चादर काढली, उशीचे अभ्रे काढले, पांढऱ्या साध्या पोत्यात भरले, गाठ मारली आणि कपडे खाली टाकायच्या नळीतून सोडून दिले. खाली धप्प आवाज आला. मग किट उतरवला आणि वीस अंक मोजत हात धुतले.

तुम्ही म्हणाल, बाई, चादर खोलीतच ठेवायची होतीस. बाथटबमध्ये टाकून पडदा ओढला असतास तर कुणाचं काय गेलं असतं? खरंय. वापरलेली चादर खोलीत राहू द्यायची नाही, ही इतक्या वर्षांची सवय. हात आपोआप चालले. पण ते पहिल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी? दुसऱ्या दिवशी मला बाथटब सुचला होता. उभी राहून बघितलं मी त्याच्याकडं. पण काल त्या खोलीतून चादर आली आणि आज आली नाही, हे लाँड्रीच्या वहीत दिसलं असतं. मग कुणीतरी विचारलं असतं. पुन्हा पांढरं पोतं, पुन्हा धप्प. तिसऱ्या दिवशीही, आणि पुढंही रोज.

हे वाईट आहे. पण लपवून ठेवलंय ते हे नव्हे—म्हणजे हेही आहे, पण याच्या आडोशाला दुसरं आहे. मनातल्या मनात मी नेहमी इथवर येते आणि थांबते. इथं थांबलं की थोडा दोष जीएमवर टाकता येतो, थोडा सरकारवर, थोडा त्या दोन देशांवर. पुढच्या गोष्टीत मी एकटीच आहे.

सातवा दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी करारावर सह्या होणार होत्या. हॉलमध्ये गालिचे बदलायचं चाललं होतं. मावशी टॉवेल घेऊन लिनन रूममध्ये, म्हणजे चादरी-टॉवेलांच्या खोलीत आली, माझ्याकडं. चेहरा जरा उतरलेला, पण हसत होती.

"ताई, आज कशालाच वास न्हाई बगा," ती म्हणाली. "सकाळधरनं हुंगतीया, समदी कापडं सारकीच."

तेव्हा वास जाण्याचा अर्थ लहान पोरालाही ठाऊक होता हो. टीव्हीवर तेच, फोन लावला की तेच. मावशीला कळलं नव्हतं असं नाही. ती विचारायलाच आली होती. तिला माझ्याकडून ऐकायचं होतं. आणि मी—मी क्षणभरसुद्धा थांबले नाही. याचंच मला अजून नवल वाटतं. निदान अडखळायला तरी हवं होतं ना? मी रजिस्टरमधून मान वर न करता म्हणाले, "नवीन पावडर आलीय मावशी. बिनवासाची."

"पर मिसरीचाबी वास न्हाई आला सकाळी."

"दिवसभर मास्क लावून होतं तसं. माझंही झालंय."

ती टॉवेल चाचपत उभी राहिली. मग म्हणाली, "तुमी म्हणता म्हंजी आसंल." आणि गेली.

पावडर तीच होती. चार वर्षं तीच होती. माझं नाकही शाबूत होतं. मावशीच्या पदराला येणारा धुण्याचा वास मला तिथं बसूनसुद्धा येत होता. मी खरं बोलले असते तर काय झालं असतं? मावशीची तपासणी, मग लाँड्रीची, मग विचारणा, मग ती खोली, मग पोतं. सकाळच्या सह्या बोंबलल्या असत्या. आणि पोतं कुणी सोडलं हे निघालं असतं. पाण्याची, दोन देशांची काळजी मला होती, असं एरवी म्हणता आलं असतं. तसं नव्हतं. मला फक्त ते पोतं निघायला नको होतं.

अजून एक राहिलंय.

लाँड्रीच्या मागं कंपाउंडची भिंत आहे. पाइपासाठी तिथं एक खिंडार ठेवलेलं, हात जाईल एवढं. मावशीला हॉटेलचं जेवण सोसत नव्हतं. पनीर आणि पाव खाऊन पोट धरून बसायची. मग किसनभाऊ संध्याकाळी डेअरीला दूध घालून येताना त्या खिंडारातून भाकरी द्यायचे, फडक्यात बांधलेली, वर ठेचा. नियमानं हे चालत नव्हतं. पण मी कानाडोळा केला होता. नुसता कानाडोळा नाही—तिसऱ्या दिवशी त्यातली चतकोर भाकरी मी स्वतः खाल्ली होती, आणि म्हणाले होते, भाऊंना सांगा, उद्या ठेचा जरा जास्त पाठवा.

लिनन रूमची खिडकी नेमकी तिकडंच उघडते, आणि वरून भिंतीपलीकडचंही दिसतं. सातव्या दिवशी संध्याकाळी ऊन कलतं झालं होतं. मी तिथं उभी होते. पावडरचं बोलून चार-पाच तास झाले होते. किसनभाऊ आले, सायकल टेकवली, फडकं आत दिलं. मावशीनं ते सोडलं. भाऊ जेवले नव्हते वाटतं, कारण तिनं भाकरी मोडली आणि अर्धी परत बाहेर दिली. मग भिंतीच्या अलीकडं ती आणि पलीकडं ते, दोघं मास्क खाली करून, खिंडारापाशी तोंडं आणून बोलत बोलत जेवली. किती वेळ? दहा-पंधरा मिनिटं असतील. मला एकदा मावशीचं हसणंही ऐकू आलं. माझा हात खिडकीच्या काचेपासून वीतभर लांब होता. नुसती काच वाजवली असती तरी ती दचकून आत पळाली असती. मी वाजवली नाही. मी उभी राहिले, आणि त्यांचं जेवण झाल्यावर जाऊन उशा मोजल्या.

दुसऱ्या दिवशी सह्या झाल्या. दोन्ही देशांच्या माणसांनी हातात हात न देता कोपराला कोपर लावला, फोटो निघाले. ते पॉझिटिव्ह गृहस्थ मागच्या गेटनं गेले. त्यांच्या उशीवर चिठ्ठी होती, खोली फार स्वच्छ ठेवली म्हणून आभार. आम्हा सगळ्यांना शाल मिळाली. माझी अजून कपाटात आहे, घडीसुद्धा मोडलेली नाही.

बाहेर पडतानाच्या तपासणीत मावशी पॉझिटिव्ह आली. लाँड्रीतले अजून दोघं. गेटवर आरडाओरडा सुरू झाला, पाहुण्यांनी रोग आणला म्हणून. जीएमनी मला कागद दिला आणि म्हणाले, कारण लिहून द्या. मी लिहिलं. माझ्या अक्षरात, सुवाच्य. की सदर महिला कर्मचारी मनाई असताना रोज कंपाउंडपाशी आपल्या पतीस भेटत होती, तरी संसर्ग बाहेरून आत आला असावा. 'असावा' हा शब्द मी विचार करून घातला होता. बातम्यांत तो 'असावा' गळाला. एका महिला कर्मचाऱ्याच्या बेफिकिरीमुळं, असं आलं. नाव नव्हतं. पण चाळीस उंबऱ्यांच्या गावात नाव कशाला लागतं?

तोवर किसनभाऊंना ताप भरला होता. तापाच्या अकराव्या दिवशी ते गेले. मावशी स्वतः दुसरीकडं खाटेवर होती. तिला तोंड बघायला मिळालं नाही. ती घरी आली तेव्हा गावात तिच्या दाराकडं कुणी फिरकेना. गिरणीवाला तिचं दळण घेईना. म्हशी विकल्या, कारण तिच्या घरचं दूध डेअरीत नको म्हणाले.

कदाचित भाऊंना आधीच्याच एखाद्या दिवशी लागण झाली असेल. असेलही. मी हे स्वतःला पुष्कळदा सांगून बघितलंय. मग मला ती अर्धी भाकरी दिसते.

हॉटेल पुन्हा नीट सुरू झाल्यावर मी मावशीला परत कामावर घेतलं. जीएम नको म्हणत होते, मी भांडले. सगळे म्हणाले, सुरकुती मॅडम वरून कडक, पण मन मोठं. माझा नवराही म्हणाला. मी ऐकून घेतलं. मावशीचं नाक काही परत आलं नाही. वास बघायचं काम आता कुणी करत नाही. ती टॉवेलांच्या घड्या घालते. डबा खायला बसली की ताटात भातच. भाकरी तिनं सोडली. एकदा मी विचारलं—माझी हिंमत बघा, मी विचारलं—तर म्हणाली, "माज्या जिभंचं चोचलं व्हतं ताई, भाकरीच पायजे म्हणून. त्यापायी माझा मानूस रोज भाईर पडला. मीच खाल्लं त्यास्नी." आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तेव्हासुद्धा बोलले नाही. जीभ टाळूला चिकटली होती, असं काही नाही. जीभ चांगली सुटी होती. मी म्हणाले, "असं बोलू नये मावशी."

मला रडू येत नाही. येईल असं वाटून मी बरीच वाट बघितली. झोप लागते, भूक लागते, सुरकुत्या दिसतात. किसनभाऊंचा विषय निघाला तरी आत काही हलत नाही, आणि या न हलण्याची मला लाज वाटते, पण तीही दुरून.

आता आज का, ते. दरवर्षी भाताची झोडणी झाली की मावशी माझ्यासाठी नवा इंद्रायणी तांदूळ आणते. पायलीभर. ताईंनी मला ठेवलं, म्हणून. मी नको म्हणून बघितलं, ती ऐकत नाही. आज दुपारी आणला. लिनन रूममध्येच आली, त्याच टेबलापाशी. पिशवीची गाठ सोडली, मूठभर तांदूळ काढला आणि हाताची ओंजळ माझ्या तोंडापुढं धरली.

"वास हाय का बगा वो," ती म्हणाली. "लोकं म्हणत्यात औंदा वासच न्हाई भाताला. मला मेलीला काय कळतंय? म्हनलं ताईस्नी इचारावं."

मी वाकले. तिच्या तळव्याच्या घड्या दिसत होत्या, साबणानं पांढऱ्या पडलेल्या. वास होता. शिजवल्यावर दारापर्यंत येतो, तसा होता.

"आहे," मी म्हणाले. "भरपूर आहे."

"व्हय?" तिचा चेहरा उजळला. तिनं ओंजळ स्वतःच्या नाकाशी नेली, डोळे मिटले, थोडा वेळ तशीच थांबली. मग तांदूळ पिशवीत सोडला, गाठ मारली आणि पिशवी माझ्या हातात दिली.

"तुमी म्हणता म्हंजी आसंल."

मी पिशवी घेतली. घरी आणली. रात्रीच्या जेवणाला त्यातलाच भात केला, आणि पोटभर जेवले.